डिचोलीत जिवंत, पार्सेत मेलेली

गोकुळदासला बसलेला पाहिलाय, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या डिचोलीत मिळाला नसता. बस स्टँडच्या मागच्या अंगाला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. दुकानात एक कदेल, म्हणजे खुर्ची, होती, पण ती गिऱ्हाइकांसाठी. हा बाबा उभ्यानेच काम करायचा, उभ्यानेच चहा प्यायचा आणि घरी जेवताना दोन घास झाले की उठून दारात एक चक्कर मारून यायचा. "पाटावर मुंगळे सोडलेत काय तुमच्या?" असं त्याची बायको सुशीला विचारायची. ती बिचारी विचारून विचारून दमली, पण हा काही बदलला नाही.

बाप सावंतवाडीकडून खाणीवर मजुरीला आला आणि इथलाच झाला. पोराने आधी शिवणकाम धरलं, ते सोडलं. मग हॉटेलात उंडे-भाजी पोचवली, तेही सोडलं. खनिजाच्या ट्रकवर क्लीनर झाला तेव्हा ट्रकांचे दिवे आणि हॉर्न दुरुस्त करता करता हात बसला आणि तिथे मात्र तो टिकला. खाणीचे ट्रक त्या काळात रात्रंदिवस पळायचे. लाल धूळ वायरीत शिरायची, वायरी कुजायच्या, आणि गोकुळदासला काम कमी पडायचं नाही. दोष सापडेपर्यंत त्याच्या जिवाला स्वस्थता नसायची. सापडला की घटकाभर खूश, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

गोवा मुक्त होऊन तोवर वीसेक वर्षं झाली असतील. एका सकाळी पार्सेचा कृष्णनाथ आपली काळी-पिवळी टॅक्सी घेऊन दुकानासमोर उभा राहिला. पार्से म्हणजे तिकडे पेडण्यात, वाटेत वायरमनची दुकानं काय थोडी होती? पण म्हापशातल्या सगळ्यांनी हात टेकले होते, आणि कृष्णनाथची सासुरवाड मयेची. मेव्हण्याने सांगितलं, आमच्या डिचोलीत एक चक्रम आहे, त्याला दाखव.

"मेस्ता, बॅटरी रातची मरता," कृष्णनाथ म्हणाला. "संध्याकाळी बरी आसता, फाल्यां सकाळी चावी फिरवली की टक् करता आणि गप. नवी घातली, ती पण तशीच. पोरां धक्को मारतत तेव्हा सुरू होता."

"मग मारा धक्को. डिचोलीत अर्ध्यो गाडयो धक्क्यावरच चलतत."

कृष्णनाथला हसू आलं नाही. तो कदेलीवर बसला आणि मान खाली घालून सांगू लागला. त्याची बायको सत्यवती पोटुशी होती, दिवस भरत आले होते. पहिल्या खेपेला तिला अवेळी कळा आल्या तेव्हा हा भाडं घेऊन पणजीला गेलेला. बस चुकली. शेवटी कुणाची तरी जीप मिळाली, पण फार उशिरा, आणि मूल वाटेतच गेलं. तेव्हापासून त्याने ठरवलं होतं की ह्या वेळी गाडी दारातच उभी ठेवायची. लांबची भाडी सोडली, फक्त दुपारपर्यंत पेडणे-म्हापसा करायचा आणि घरी. आणि आता गाडी दारात होती, पण चावी फिरवली की टक् करून गप.

"माका दुसरा काय नको," तो म्हणाला. "तिका घेवन निघतलंय त्या वेळी गाडी सुरू होवक व्हयी."

गोकुळदासने चहाचा पेला खाली ठेवला. "ती जबाबदारी माझी," तो बोलून गेला. असं बोलायची त्याला गरज नव्हती. दुरुस्ती करतो म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण तोंडातून शब्द निघाला तो निघाला.

त्याची पद्धत साधी होती. डॅशबोर्डातला एक बारकासा बल्ब त्याने दोन वायरी लावून ठेवला होता. गाडीतलं सगळं बंद करायचं, बॅटरीची एक क्लिप काढायची आणि क्लिप आणि बॅटरी यांच्यामध्ये हा बल्ब धरायचा. कुठे करंट चोरून जात असला की बल्ब पेटतो. मग एकेक फ्यूज काढत जायचं. ज्या फ्यूजला बल्ब विझला, त्या वायरीत चोर.

त्याने बल्ब धरला. बल्ब काही पेटला नाही.

"आणखी काय जोडलला आसा गाडयेक? रेडिओ? फॅन?"

"काय नाय."

डॅशबोर्डखाली दोन बारीक वायरी आणि टोकाला रिकामं सॉकेट लोंबत होतं. आधीच्या मालकाने रेडिओ काढून नेला असेल. टॅक्सीत असली लोंबती शेपटं नेहमीच असतात, त्यावर काहीच जोडलेलं नव्हतं, सोडून दिलं. गोकुळदासने कटआउट बदलला. इंजिन बंद झाल्यावर बॅटरीचा करंट मागच्या मागे डायनामोत जाऊ नये म्हणून तो असतो. म्हटलं, कधी चिकटत असेल, कधी नसेल. गाडी गेली.

आठवडा उलटला नाही तोच परत आली. तीच रड. ह्या खेपेला त्याने हॉर्नची वायर बदलली, ब्रेकच्या दिव्याचा स्विच बदलला, डिकीतला दिवा काढूनच टाकला. बल्ब धरला की मख्ख. तिसऱ्या वेळी त्याने गाडी ठेवूनच घेतली. चार दिवस ती दुकानाच्या मागे उभी राहिली, आणि रोज सकाळी गोकुळदासने चावी फिरवली की पहिल्या झटक्याला सुरू. कृष्णनाथ येऊन घेऊन गेला, आणि पार्सेला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा टक्.

आता डिचोलीतली तोंडं काय गप्प बसतात? चहावाला दत्ताराम म्हणाला, "पार्सेचो राखणदार देवचार बॅटरी पिता. तू डायनामो बदलू नको मरे, तेका नारळ दी." ट्रकवाले दुकानासमोरून जाताना हॉर्न वाजवून विचारायचे, "मेस्ता, देवचार गावलो?" गोकुळदास वरून हसायचा, पण आतून त्याचं पित्त खवळायचं. जी गाडी डिचोलीत जिवंत असते ती पार्सेत का मरते? वायर गाव ओळखते काय? आणि मागाहून ती न बघितलेली बाई डोळ्यांसमोर यायची. तिचे दिवस तर कुणाच्या सोयीने थांबणार नव्हते.

जेवण जाईना. सुशीलाने भात वाढला की हा बोटाने भातावर वायरिंग काढत बसायचा. "तुमच्या त्या टॅक्सीच्या बायलेपेक्षा तुमकाच कळा येतत," ती म्हणाली, आणि मग स्वतःच घाबरून तोंडावर हात ठेवला. असलं बोलू नये, नाही का. गोकुळदासने ताट सारलं, स्कूटर काढली आणि ऐन दुपारी अस्नोड्याच्या वाटेला लागला. कोलवाळचा पूल ओलांडून तो धारगळवरून पार्सेत शिरला तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. येतोय असा निरोप त्याने पाठवला नव्हता, आणि नशीब की नाही पाठवला.

कृष्णनाथच्या अंगणात फणसाच्या सावलीत टॅक्सी उभी होती. ओसरीवर सत्यवती पाय पसरून बसली होती. चेहरा सुकलेला, पोट एवढं मोठं की तिला उठायला भिंत धरावी लागली. कृष्णनाथ बाहेर आला आणि त्याच्यामागून त्याची आई, पार्वतीकाकी. गावात तिच्या शब्दाबाहेर जायची कुणाची छाती नव्हती, घरात तर नाहीच.

"हय येवन बघतंय," गोकुळदास म्हणाला. "ही गाडी माझ्याकडे नाटक करता."

त्याने बॉनेट उघडलं, क्लिप काढली, मध्ये आपला बल्ब धरला. आणि बल्ब पेटला! मंद, विझू विझू करत, पण पेटला. माणूस अंगणात नाचायचाच बाकी राहिला. "गावलो! गावलो रे चोर!" त्याने फ्यूज उपटायला सुरुवात केली. पहिला काढला, बल्ब तसाच. दुसरा काढला, तसाच. सगळे काढून झाले तरी बल्ब आपला मंद जळतोय. आता मात्र त्याची मती गुंग झाली. फ्यूज नाही तर करंट जातो तरी कुठून?

तेवढ्यात पार्वतीकाकी गाडीच्या काचेतून आत डोकावली आणि ओरडली, "अरे तू करतंस काय? देवीचो दिवो मंद झालो!"

गोकुळदास जागच्या जागी थिजला. "खंयचो दिवो?"

डॅशबोर्डावर एक बारकं लाकडी देव्हारं बसवलेलं होतं, आत गावच्या देवीचा फोटो, अबोलीची वेणी, आणि फोटोपुढे बोटाच्या पेराएवढा तांबडा दिवा. त्याने बल्बची वायर सोडली तसा दिवा विझला. क्लिप बॅटरीला लावली तसा दिवा भगभगून पेटला. पुन्हा बल्ब मध्ये धरला, दिवा मंद. दोन्ही दिवे एकाच करंटवर जगत होते.

"हो दिवो माझ्या दुकानात कधी बघूक नाय मी!"

"कसो बघतलंस?" कृष्णनाथ सहज म्हणाला. "गॅरेजीत मेस्त चपला घालून बसतत, शिव्या घालतत, विड्या ओढतत. देवीक थंय कशी नेवची? तुझ्याकडे येताना आये ती घरात आणून ठेवता. समईकडे."

तर असं होतं सगळं. दुकानात लोंबणारं ते रिकामं सॉकेट ह्याच दिव्याचं होतं. जत्रेत देवळाला रोषणाई करणाऱ्या शंभूने हे काम केलं होतं. चावी बंद केल्यावर देवी काळोखात राहू नये म्हणून त्याने वायर थेट बॅटरीवर नेली होती, ना फ्यूज ना स्विच. गाडी घेतली तेव्हापासून दिवा अखंड जळत होता, आणि गाडी दिवसभर धावायची तेव्हा खर्चलेलं भरूनही निघायचं. सत्यवतीच्या काळजीने कृष्णनाथने गाडी दारात उभी करायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून बॅटरी रिकामी होऊ लागली.

"मी तुका विचारलंय, काय जोडलला आसा!" गोकुळदासचा आवाज चढला. "तीनदां विचारलंय!"

"गाडयेक काय जोडलला नव्हता," कृष्णनाथ म्हणाला, आणि त्याला खरोखरच कळत नव्हतं की आपलं काय चुकलं. "ता देवीचा."

गोकुळदासला हसावं की रडावं ते समजेना. त्याने सांगितलं की उपाय एका मिनिटाचा आहे, ही वायर चावीवर घ्यायची. गाडी चालू तेव्हा दिवा चालू, गाडी उभी तेव्हा बंद.

"बंद?" पार्वतीकाकी म्हणाली. "घरात सून दिवसांत आसा आणि आता दिवो विझवचो?"

"मग देवी घरात ठेवा, काकी. समई आसा मां?"

"आणि सुनेक देवीशिवाय न्हेवची? मागच्या खेपेक त्या परक्या जीपगाडीत कोण होता? देव नाय, दिवो नाय. काय झाला ता बघितलंस?" तिने जीभ चावली. सुनेसमोर बोलायला नको होतं ते बोलून गेली होती.

कृष्णनाथ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. गोकुळदास अंगणात येरझाऱ्या घालू लागला. एकदा गाडीकडे, एकदा माडाकडे.

ओसरीवरून सत्यवतीचा आवाज आला. "आये, त्या जीपगाडीत मी वाटभर देवीचाच नाव घेत होतंय." सगळे तिच्याकडे वळले. "ती होती की नाय ता माका ठावक नाय. पण गाडी वेळेर नव्हती ता माका ठावक आसा." मग ती गोकुळदासला म्हणाली, "मेस्ता, दिवो बंद केलो तर गाडी सुरू होतली? नक्की?"

"नक्की."

"मग करा."

पार्वतीकाकीने पदर खोचला. "माझ्या घरातलो हात त्या वायरीक लागूचो नाय," ती गोकुळदासला म्हणाली. "तुका काढूची आसात तर तू काढ. पण काय बरा-वायट झाला तर ता तुझ्या हाताक लागतला." आणि ती आत निघून गेली.

गोकुळदासने आयुष्यात हजारो वायरी उपटल्या असतील. त्या दोन बारीक वायरी हातात धरून तो जेवढा वेळ वाकून राहिला तेवढा कुठल्याच कामात राहिला नसेल. तो फार देवभोळा नव्हता, पण नास्तिकही नव्हता. आपल्यासारखाच होता, वेळ पडली की हात जोडणारा. त्याने देवीला हात जोडले, आणि सॉकेट ओढलं. तांबडा दिवा विझला. मग वायर चावीवर जोडली, चावी फिरवून दाखवली, दिवा पेटला, बंद केली, विझला. कृष्णनाथने चहा घ्या म्हटलं, पण गोकुळदास थांबला नाही.

दोष सापडला म्हणजे हा माणूस घटकाभर तरी खूश व्हायचा, असं मी वर म्हटलं. ह्या वेळी तेही नाही. परतताना पुलावर पोचताच त्याने स्कूटर बाजूला घेतली. गाडी तर सुरू होईल. पण गाडी सुरू होऊनही काही झालं तर? इस्पितळात पोचूनही झालं तर? पोरं काय नुसती बॅटरीच्या जोरावर जन्माला येतात? तेव्हा कुणी म्हणणार नाही की बाई अशक्त होती. म्हणतील, डिचोलीच्या मेस्ताने देवीचा दिवा विझवला.

दत्तारामला वाटलं, देवचार सापडल्यावर हा आता फुशारक्या मारेल. पण ह्याने कुणाला काही सांगितलं नाही. काम करता करता मध्येच हात पुसायचा, रस्त्याकडे बघायचा. काळी-पिवळी दिसली की पुढे जायचा आणि नंबर बघून मागे यायचा. सुशीलाला त्याने सगळं सांगितलं. ती चिडवायची थांबली, आणि ती चिडवत नाही म्हणून हा आणखी घाबरला.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार. वायर आणायची आहे असं सांगून तो गेला आणि वायरीच्या दुकानाकडे न बघता पार्सेच्या बाया भाजी घेऊन बसतात तिथे पोचला. एक ओळखीची निघाली. "कृष्णनाथाची गाडी?" ती म्हणाली. "ती काल सकाळी गेली, अजून येवक नाय. घराक कुलूप आसा."

"गाडी कशी गेली? धक्को मारूक लागलो?"

"ता माका काय ठावक? भेंडी व्हयी?"

तो तसाच इस्पितळाकडे चालत सुटला. आवारात चिंचेखाली टॅक्सी उभी होती. म्हणजे पोचली! त्याला वाटलं जीव भांड्यात पडेल, पण पडला नाही. पहिल्या खेपेलाही उशिरा का होईना, पोचले होतेच की. काचेतून देव्हारं दिसत होतं, फुलं सुकलेली, दिवा विझलेला. समोर पायऱ्या होत्या, वर वॉर्ड. वर जाऊन विचारलं असतं तर क्षणात कळलं असतं. त्याने तीन-चार वेळा पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि मागे घेतला. वरून कुणा बाईचं रडणं ऐकू आलं, आणि हा उभा माणूस अक्षरशः पळाला. कुणाचं रडणं होतं देव जाणे. इस्पितळात कुणी ना कुणी रडतच असतं, हे काय त्याला कळत नव्हतं? पण बस पकडून तो डिचोलीला आला आणि घरी गेल्यावर सुशीलाला खोटंच म्हणाला की वायर मिळाली नाही.

मधले दिवस त्याने कसे काढले ते त्यालाच माहीत. नंतर एका सकाळी दुकानासमोर हॉर्न वाजला. काळी-पिवळी. कृष्णनाथ उतरला. दाढी वाढलेली, डोळे लाल. गोकुळदासने त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही. तो सरळ पुढे गेला, बॉनेट उघडलं आणि बॅटरीच्या क्लिपा हाताने हलवून बघू लागला. घट्ट होत्या, तरी हलवत राहिला.

"बॅटरी बरी आसा मरे," कृष्णनाथ म्हणाला. "चावी फिरवली, लागलीच सुरू. तिका मयेक माहेराक पोचवतंय. तू बॉनेट धर आणि मागे बघ."

गोकुळदासने मान उचलली. मागच्या सीटवर सत्यवती टेकून बसली होती, पांढरी फटक, पण हसत होती. तिच्याशेजारी पार्वतीकाकी, मांडीवर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि त्या फडक्यातून एक लालबुंद मूठ वर आलेली.

"चेडू झाला, माझी नात," पार्वतीकाकी म्हणाली. "हय ये."

तो गेला नाही. आत पळाला, पेट्रोलने हात पुसले, साबण लावला, धुतले, पुन्हा साबण लावला. बाहेर आला तेव्हा पार्वतीकाकी दार उघडून उतरली होती आणि भर रस्त्यात पोर घेऊन उभी होती.

"माझे हात बरे नाय, काकी. वास मारतत."

"तुझे हात माका ठावक आसत. त्याच हातांत देतंय मी." तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, खुंटं वाढलेली गालफडं. तिचा आवाज खाली आला. "भियालंस मां रे?"

"भियालंय, काकी."

"मीय भियालंय," ती म्हणाली. "त्या दिवसापासून मीय निजूक नाय." आणि तिने पोर त्याच्या ओल्या हातांवर ठेवलं.